कच्च्या रस्त्यांची निगा आणि तलावांचे पाणी

हुबळी-धारवाड ही जोडशहरे दोन समुद्रांकडे जाणाऱ्या पाण्याच्या दुभाजकावर वसलेली आहेत, ही गोष्ट तेथील रहिवाशांच्याही सहसा ध्यानात येत नाही. धारवाडला सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला कलघटगीकडे बेडतीस मिळते. ते पाणी मागोडच्या धबधब्यावरून उडी घेऊन गंगावळी या नावाने अरबी समुद्रास जाते. उलटपक्षी, हुबळीच्या पूर्वेस कुंदगोळ आणि नवलगुंद यांच्या काळ्या रानातून वाहणारा बेण्णिहळ्ळ मलप्रभेस मिळतो, मलप्रभा कृष्णेस आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. काही कोसांच्या अंतरावर पडलेल्या पावसाच्या दोन सरी अशा रीतीने हिंदुस्थानच्या दोन किनाऱ्यांना पोहोचतात.

या दोन्ही वाटांनी पाण्याबरोबर माती जाते हे सर्वांस ठाऊक आहे. ही माती बव्हंशी शेतांतली असते आणि तिच्यासाठी ताली, बांध, सलग समतल चर अशा उपायांची चर्चा गेली पाऊणशे वर्षे होत आली आहे. परंतु त्या मातीत आणखी एक वाटेकरी असतो, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. तो म्हणजे खेड्याकडे जाणारा कच्चा रस्ता. शेतातून निघालेली माती वाटेत गवतात अडते, बांधाशी बसते, दुसऱ्याच्या शेतात पसरते. रस्त्यावरून निघालेल्या मातीला असा अडथळा भेटत नाही, कारण रस्त्याच्या कडेचे गटार हाच तिच्यासाठी खणून ठेवलेला सरळ पाट असतो, आणि तो पाट बहुधा जवळच्या ओढ्यात किंवा तलावात नेऊन सोडलेला असतो. म्हणून रस्त्याची माती परिमाणाने शेतापेक्षा कमी असली, तरी तिचा बराच मोठा भाग थेट पाण्यापर्यंत पोहोचतो.

हे प्रमाण किती असू शकते याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. चार मीटर रुंदीचा आणि एक किलोमीटर लांबीचा मुरमाचा रस्ता घेतला आणि एका पावसाळ्यात त्याचा केवळ एक सेंटिमीटर थर वाहून गेला असे धरले, तर ४० घनमीटर माल नाहीसा झाला. गवंड्याच्या भाषेत तो सुमारे १४ ब्रास होतो. पावसाची बाजूही पाहावी. त्याच रस्त्यावर ५० मिलिमीटरची एक सर कोसळली, तर तेवढ्या पट्टीवरच २ लाख लिटर पाणी पडते. म्हणजे १० हजार लिटरचे २० टँकर. यात आजूबाजूच्या शेतांतून रस्त्यात उतरणारे पाणी धरलेले नाही. घट्ट दबलेल्या रस्त्यात त्यातले फारच थोडे मुरते. उरलेले कोठे तरी जाणारच, आणि त्यास वाट करून दिली नाही तर ते आपली वाट स्वतः कोरते.

वाहत्या पाण्याची शक्ती त्याच्या वेगाबरोबर ज्या झपाट्याने वाढते, ती पाहिली म्हणजे या प्रश्नाचे मर्म कळते. जलशास्त्रातील एक जुना नियम असा आहे की, पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते लोटू शकेल अशा दगडाचे वजन चौसष्टपट होते. उतारावरच्या रस्त्यात बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पाडल्या, की पाणी त्या अरुंद चाकोऱ्यांत एकवटते, त्याची खोली वाढते आणि खोलीबरोबर वेगही. प्रथम बारीक माती जाते, मग वाळू, मग मुरूम. मागे राहतात ते उघडे पडलेले गोटे. गाडीवान गोटे चुकवून बाजूने गाडी घालतो, आणि तेथे नव्या चाकोऱ्या पडू लागतात.

जुन्या पाणंदींची स्थिती याहून वाईट असते. दोन कुंपणांच्या मधली पाणंद पिढ्यान्‌पिढ्या वाहतुकीने आणि पावसाने खचत जाऊन दोन्हींकडील शेतांच्या पातळीखाली हातभर, कधी पुरुषभर, गेलेली असते. पावसाळ्यात ती रस्ता राहत नाही, ओढा होते. अशा पाणंदीची ‘दुरुस्ती’ म्हणून यंत्र आणून तळ खरवडला जातो आणि माती कडेला लोटली जाते. यामुळे ती आणखी खोल जाते आणि कडेची मोकळी माती पहिल्याच वळवात खाली येते. दुरुस्तीचा खर्च करून बिघाड वाढविण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. खरा उपाय उलट दिशेचा आहे: पाणंद भरून शेताच्या पातळीवर आणावयाची, म्हणजे पाण्यास बाजूला जाण्यास जागा मिळते.

धारवाड जिल्ह्यात हा प्रश्न दोन निरनिराळ्या रूपांनी दिसतो. पश्चिमेस, कलघटगी आणि अळणावरच्या बाजूला, पाऊस अधिक, जमीन लाल व चढउताराची. तेथे रस्ता वाहून जातो. पूर्वेस, नवलगुंद व अण्णिगेरीकडे, पाऊस कमी, जमीन सपाट आणि काळी. या काळ्या मातीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते. तिच्यावर सरळ खडी पसरली तर ती दोन पावसाळ्यांत पोटात गडप होते; म्हणून काळ्या जमिनीत रस्ता करताना आधी मुरमाचा जाड थर घालून खडी आणि माती यांची गाठ पडू न देणे हा बांधकामाचा पहिला धडा समजला जातो. काळ्या मातीचा दुसरा गुण पाण्याच्या दृष्टीने अधिक त्रासाचा. तिचे कण इतके सूक्ष्म असतात की एकदा पाण्यात मिसळले म्हणजे लवकर तळाशी बसत नाहीत. मोरीच्या खाली खळगा करून वाळू अडविता येते, काळा गाळ अडविता येत नाही. तो अडवावयाचा तर सुटण्यापूर्वीच.

पावसाळा सरला की तोच माल दुसरे रूप घेतो. वाहून न गेलेली बारीक माती चाकांखाली भरडली जाऊन धूळ होते. हुबळी-धारवाडचे नाव देशातील ज्या शहरांची हवा ठरविलेल्या मर्यादेत राहत नाही अशांच्या यादीत आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात कर्नाटकातून बेंगळूरू, दावणगेरे आणि कलबुर्गी यांच्या जोडीला हे शहरही घेतले गेले. हवेत तरंगणाऱ्या, दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरास ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, ही मर्यादा २००९ मध्ये ठरविण्यात आली. या जातीच्या धुळीत रस्त्यावरील मातीचा वाटा मोठा असतो, हे शहरोशहरीच्या पाहणीत आढळले आहे. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ या संस्थेने २०२४ साली दाखवून दिले की, या कार्यक्रमाखाली शहरांनी खर्च केलेल्या रकमेपैकी ६४ टक्के रक्कम रस्त्याची धूळ कमी करण्याकडे गेली: फरसबंदी, खड्डे बुजविणे, पाणी शिंपडणे, झाडण्याची यंत्रे.

धूर सोडून धुळीवरच एवढा पैसा का, हा आक्षेप त्या संस्थेनेच घेतला आहे आणि तो रास्त आहे. परंतु धुळीपुरतेच बोलावयाचे झाले, तरी एक प्रश्न उरतो. शहराचा पैसा शहराच्या हद्दीत खर्च होतो. अमरगोळच्या बाजार आवारात कापूस, मिरची, कांदा घेऊन येणाऱ्या गाड्यांच्या चाकांना हद्द ठाऊक नसते. हुबळी-धारवाड महानगरपालिका १९६२ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून तिच्या पोटात पुष्कळ खेडी आणि त्यांच्या गाडीवाटा आल्या आहेत. हद्दीबाहेर तर अशा वाटांचे जाळेच आहे. या वाटांवरून येणारी माती डांबरी रस्त्यावर झडते आणि दिवसभर वाहनांमागे उडत राहते. हमरस्ता यंत्राने झाडून घ्यावयाचा आणि त्याला मिळणारी कच्ची वाट तशीच ठेवावयाची, म्हणजे उंबरठा न धुता ओसरी सारविण्यासारखे आहे.

पैशाचा विषय येथे सुरू होतो. धारवाडच्या रस्त्यांचा आणि सार्वजनिक पैशाचा संबंध जुना आहे. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, त्यामागे धारवाडचा कापूस कारवारच्या बंदरातून बाहेर काढण्याचा विचार होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव तेव्हा गगनास भिडले होते. घाटांतून बंदरांकडे रस्ते उतरविले गेले ते याच ओढीने. ते सारे मोठे रस्ते. खेड्यांतल्या वाटांसाठी मुंबई सरकारने निराळी तजवीज केली: १८६९ च्या लोकल फंडाच्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा वसूल करावयाचा, त्यातील दोन तृतीयांश रस्त्यांसारख्या कामांस आणि एक तृतीयांश शाळांस द्यावयाचा. पैसा कुणब्याच्या खिशातून जातो आणि त्याचा लाभ भलत्यालाच मिळतो, ही तक्रार शिक्षणाच्या बाबतीत महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली. रस्त्यांच्या बाबतीतही ती मांडता आली असती.

पुढे मोटारी आल्या. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांच्या विचारासाठी एक समिती नेमली गेली. तिने असा निर्णय दिला की रस्त्यांचा बोजा एकट्या प्रांतांना व स्थानिक मंडळांना पेलणारा नाही. जो मोटार चालवितो त्याने पेट्रोलमागे गॅलनला दोन आणे अधिक द्यावे आणि त्यातून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा. १९२९ मध्ये तसा निधी सुरूही झाला. रस्ता वापरणाऱ्याकडून घेतलेला पैसा रस्त्याकडेच गेला पाहिजे, हे तत्त्व या देशात रुजविण्याचे श्रेय पुष्कळसे या समितीकडे जाते. २००० सालच्या केंद्रीय रस्ता निधीच्या कायद्यात त्याच तत्त्वावर डिझेलवरील उपकराचा अर्धा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखून ठेवण्यात आला होता, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पंतप्रधान ग्राम सडक योजना सुरू झाली.

या योजनेने देशाच्या खेड्यांचे रूप पालटले, याविषयी दुमत नाही. तिच्या नियमांत एक चांगली गोष्टही होती: ज्या ठेकेदाराने रस्ता बांधला त्यानेच तो पाच वर्षे सांभाळावयाचा. अर्थात सांभाळण्याचा खर्च राज्याने द्यावयाचा. बांधण्याचा पैसा मात्र प्रथम सर्वस्वी केंद्राचा होता आणि २०१५ नंतर बहुतेक राज्यांत साठ टक्के केंद्राचा झाला. बांधणारा एक आणि सांभाळणारा दुसरा, असा हा संसार आहे. पंधराव्या वित्त आयोगास त्यातील धोका दिसला होता. २०२१ ते २०२६ या काळात या योजनेतील रस्त्यांच्या देखभालीसाठी राज्यांना २७,५३९ कोटी रुपयांचे अनुदान द्यावे अशी शिफारस त्याने केली. केंद्राने असे वेगळे अनुदान मान्य केले नाही. योजना आखताना या शिफारशीचा योग्य विचार करू, एवढेच सांगितले.

हे झाले डांबराच्या रस्त्यांविषयी. ज्या वाटा कोणत्याच मोठ्या योजनेत बसत नाहीत, त्यांची स्थिती यावरून ताडता येईल. पूर्वी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात मैलकुली नावाचा एक कामगार असे. ठरावीक मैलांचा रस्ता त्याच्याकडे. खांद्यावर फावडे, हातात घमेले, पावसात गटाराचे तोंड मोकळे करणे आणि चाकोरीत दोन घमेली मुरूम टाकून धुमसाने ठोकणे हे त्याचे नित्यकर्म. त्याच्या पगाराची रक्कम अंदाजपत्रकात शोधूनही सापडू नये इतकी लहान असे. ही पद्धत मागे पडली आणि वर्षातून एकदा निविदा काढून करावयाची दुरुस्ती पुढे आली. घमेलेभर मुरमाने जे टळले असते त्यासाठी आता यंत्र, ट्रक आणि मोजमाप-पुस्तक लागते.

गाळ काढण्याचा खर्च मात्र कोणी टाळू शकत नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढून तलावांतला गाळ शेतांत नेण्यास सरकारी साहाय्य दिले. योजना उपयुक्त आहे. परंतु वरून येणारी माती चालूच राहिली, तर तोच तलाव काही वर्षांनी पुन्हा उपसावा लागणार हे उघड आहे. धारवाडचे केळगेरी तळे काय किंवा बेडतीच्या पाण्यावर १९५५ मध्ये हुबळीसाठी बांधलेला नीरसागर काय, त्यांच्या पाणलोटातील प्रत्येक उतरता कच्चा रस्ता त्यांचे आयुष्य थोडेथोडे कमी करीत असतो. तळ्याचा खर्च एका खात्यावर पडतो, रस्त्याचा दुसऱ्यावर, आणि दोन्ही खात्यांची वही एकत्र मांडून पाहणारा कोणीच नसतो.

या दोन वह्या एकत्र मांडण्याचा एक प्रयोग अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानात झाला आहे, तो माहीत असण्यासारखा आहे. त्या संस्थानात वीस हजार मैलांहून अधिक लांबीचे कच्चे रस्ते आहेत. तेथील डोंगरी झऱ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो; तो अतिशय नितळ व थंड पाण्यातच जगतो. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींच्या ध्यानात आले की, आसपास कारखाना नसताही झरे गढूळ होत आहेत. १९९० नंतरच्या काही वर्षांत या मंडळींनी पायी हिंडून रस्त्यांची पाहणी केली आणि माती नेमकी कोठून झऱ्यात उतरते ती ठिकाणे टिपली. त्यांच्या खटपटीतून १९९७ मध्ये कायदा झाला व कच्च्या रस्त्यांच्या निगेसाठी दरवर्षी ५० लाख डॉलर वेगळे काढले जाऊ लागले. २०१३ च्या कायद्याने ही रक्कम साडेतीन कोटी डॉलरपर्यंत वाढली. त्यातला काही भाग वनखात्यास आणि काही कमी रहदारीच्या डांबरी रस्त्यांस जातो.

रकमेपेक्षा ती देण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. पैसा बांधकाम खात्याकडे न जाता जिल्ह्याच्या मृद्-जलसंधारण मंडळाकडे जातो. गावाला रस्त्यासाठी मदत हवी असेल तर त्याने या मंडळाकडे अर्ज करावयाचा, आणि त्यापूर्वी गावाच्या माणसाने दोन दिवसांचे शिक्षण पुरे केलेले असले पाहिजे. कोणते काम आधी, हे रहदारी किती यावर ठरत नाही. पाण्याचे नुकसान किती टळेल यावर ठरते. रस्त्यावर टाकावयाचा माल आणि धूळ बसविण्याची द्रव्ये विषारी नाहीत याचीही परीक्षा होते. मासे धरणाऱ्यांच्या हट्टातून रस्त्याचे शास्त्र सुधारावे, ही गंमत खरी. पण त्यामुळे एक लाभ असा झाला की रस्ता चांगला की वाईट हे ठरविण्यास ओढ्याचे पाणी ही नवी कसोटी मिळाली.

त्या दोन दिवसांत शिकविले जाते ते काही अवघड नाही, आणि धारवाडच्या जुन्या मैलकुलीस त्यातले पुष्कळ ठाऊक असावे. रस्त्याची पाठ मध्ये उंच ठेवून मीटरभर रुंदीस चार-पाच सेंटिमीटर उतार दोन्ही बाजूंस दिला, की पाणी रस्त्यावरून धावत न जाता कडेला जाते. कडेच्या गटारास थोड्याथोड्या अंतरावर फाटे काढून ते पाणी गवताळ जागेत पसरू द्यावयाचे. एकाच गटारात सगळे साठवून ते ओढ्याच्या तोंडाशी सोडावयाचे नाही. लांब उतारावर मध्येच रुंद, उथळ आडवा उंचवटा ठेवला की पाण्याचा वेग तुटतो आणि गाडीलाही धक्का बसत नाही. गटारातले गवत खरवडू नये. साफसफाईच्या नावाखाली ते उपटले की गटाराचा तळ उघडा पडतो. रस्त्यावर घालावयाच्या मुरमात खडे आणि बांधून धरणारी बारीक माती यांचे प्रमाण योग्य असावे; नुसते खडे निसटतात आणि नुसती माती उडते.

सगळेच रस्ते डांबराचे किंवा सिमेंटचे का करू नयेत, असा प्रश्न येथे विचारला जातो. ज्या रस्त्यावर दिवसाकाठी दहा-वीस गाड्या जातात त्यावर डांबर घालणे परवडत नाही, हे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की, डांबराखालून पाणी काढून दिले नाही तर काळ्या जमिनीतला डांबरी रस्ताही दोन-चार पावसाळ्यांत भेगाळतो. आणि सिमेंटचा रस्ता सगळेच पाणी अधिक वेगाने पुढे ढकलतो, तेव्हा जेथे तो संपतो तेथे घळ पडते. पाण्याचा प्रश्न सोडविल्याशिवाय वरचे आवरण बदलण्यात फारसे हशील नाही.

धारवाड जिल्ह्यापुरते पाहिले तर नव्या करावाचूनही आरंभ करता येण्यासारखा आहे. शहराच्या हवेसाठी मिळणाऱ्या पैशातला एक हिस्सा हद्दीलगतच्या कच्च्या वाटांच्या मिलनस्थानांवर, म्हणजे डांबराला भिडण्यापूर्वीच्या शे-दोनशे मीटरांवर, खर्च करता येईल. तलावांतला गाळ उपसण्यासाठी जेव्हा रक्कम मंजूर होते, तेव्हा तिच्यातला काही भाग त्या तलावाच्या पाणलोटातील रस्त्यांसाठी राखून ठेवण्याची अट घालता येईल. आणि ग्रामपंचायतींस रस्त्याच्या निगेसाठी जे थोडेफार मिळते ते एका नव्या रस्त्याच्या अर्ध्या किलोमीटरात न संपविता चार जुन्या रस्त्यांच्या गटारांवर लावता येईल. यातले शेवटचे सर्वांत कठीण, कारण गटाराच्या फाट्याचे उद्घाटन होत नाही. शिवाय फाटा ज्या शेतात उघडावयाचा त्या शेतकऱ्याची संमती लागते. पाणी आपल्या पिकात शिरेल ही त्याची भीती अवाजवी नाही. पेनसिल्व्हेनियातही अर्ध्याअधिक वाटाघाटी रस्त्याच्या कडेच्या मालकाशीच होतात असे मानावयास हरकत नाही. एका मोठ्या लोंढ्याऐवजी दहा लहान धारा आल्या तर त्याचा बांध वाचतो, हे त्याला चालू पावसात जागेवर नेऊन दाखविले तरच पटते.

एक अडचण मात्र केवळ तिजोरीच्या पंचांगातली आहे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. त्यामुळे वर्षभर रेंगाळलेली कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली जातात, आणि मुरूम टाकला जातो तो नेमका जमीन वाळून कोळ झालेली असते तेव्हा. कोरडा मुरूम दबत नाही, रूळ कितीही फिरवा. एप्रिल-मेमध्ये त्याची धूळ होते आणि जूनच्या पहिल्या सरींत जे उरले असेल त्याचा गाळ. मुरूम नीट बसावयाचा तर त्यात ओल हवी. धारवाडच्या पश्चिम भागात ती मृगाच्या पहिल्या पावसानंतर पेरण्यांची घाई सुरू होईपर्यंत थोडे दिवस मिळते. पूर्वेच्या काळ्या जमिनीत परतीच्या पावसानंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस, वाफसा आला म्हणजे मिळते. त्या दोन पंधरवड्यांत ग्रामपंचायतीच्या खात्यावर पैसा असला पाहिजे आणि तो मार्चनंतर परत जाणार नाही अशी सोय असली पाहिजे.